पत्ता काढा, वही उघडा

टॅरोचे पत्ते भविष्य सांगण्यासाठी जन्माला आलेच नव्हते! पंधराव्या शतकात उत्तर इटलीत ते चक्क खेळायचे पत्ते होते. हुकूम मारायचा, हात करायचा, गुण मोजायचे. फ्लॉरेन्समधल्या १४४० सालच्या एका नोंदीत त्यांचा उल्लेख सापडतो. फ्रान्समध्ये आजही लोक टॅरोचा डाव मांडून बसतात, आणि ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी १९८० साली या खेळावर एक जाडजूड ग्रंथच लिहिला.

मग ‘प्राचीन इजिप्तचं गूढ ज्ञान’ आलं कुठून? पॅरिसमधून! कूर द जेबलॅं नावाच्या विद्वानाने १७८१ साली तसं ठोकून दिलं. शांपोलियॉंने इजिप्तची चित्रलिपी उलगडली ती १८२२मध्ये, त्यामुळे तोवर कोण काय खोडून काढणार? खरी गंमत पुढे आहे. इजिप्तशी टॅरोचं नातं आहेच, पण ते फॅरोंशी नाही. पेले, नाणी, तलवारी आणि काठ्या ही टॅरोतली चार चिन्हं युरोपात आली ती इजिप्तच्या मामलुक राजवटीतल्या पत्त्यांवरून.

आज बहुतेकांच्या हातात असतो तो १९०९ साली लंडनमध्ये निघालेला ‘रायडर-वेट’ कॅट. रायडर हे प्रकाशक, वेट हे कल्पना मांडणारे. आणि ७८ चित्रं काढणारी? तिचं नाव बराच काळ कॅटच्या नावात नव्हतंच. पामेला कोलमन स्मिथ, टोपणनाव ‘पिक्सी’. जन्म लंडनचा, लहानपणाची काही वर्षं जमैकात, कलेचं शिक्षण ब्रुकलिनमध्ये. न्यूयॉर्कच्या आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांच्या गाजलेल्या गॅलरीत छायाचित्रांखेरीज पहिलं प्रदर्शन भरलं ते तिच्या चित्रांचं, १९०७ साली. टॅरोच्या कामाचे पैसे मात्र तिला फारच थोडे मिळाले. १९५१ साली ती गेली तेव्हा डोक्यावर कर्ज होतं. पत्त्यांच्या कोपऱ्यात नागमोडी वळणाची तिची सही आहे. कॅट हातात आला तर आधी ती शोधाच.

टॅरो आत्मचिंतनाच्या कामी आला तो मुख्यतः पिक्सीमुळे, असं मला मनापासून वाटतं. जुन्या बहुतेक कॅटांत पेल्यांची पंजी म्हणजे नुसते पाच पेले. पिक्सीने तिथे माणूस उभा केला! काळा झगा, खाली घातलेली मान, समोर सांडलेले तीन पेले आणि पाठीमागे दोन धड उभे. तुमची नजर आधी कुठे गेली? सांडलेल्यांवर, उरलेल्यांवर, की मागच्या पुलावर? इथे अर्थ पाठ असण्याची गरजच नाही. जे आधी दिसलं आणि त्यावरून आपल्या आयुष्यातलं जे आठवलं, ते वहीत उतरवायचं.

वही का हवी? १९४८ साली बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांना ‘तुमचं खास व्यक्तिमत्त्व-वर्णन’ दिलं. सगळ्यांना एकच मजकूर, तोही राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेला! मुलांनी त्याला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. गुळमुळीत वाक्य कुणालाही लागू पडतं. म्हणून वहीत ‘मला बदल हवा आहे’ असं लिहू नका. ‘मंगळवारच्या बैठकीत मी गप्प बसले’ असं लिहा.

लिहिलेल्याकडे थांबून कसं पाहायचं, यासाठी १९८४ साली आलेली दोन पुस्तकं उपयोगी पडतात. शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड कोल्ब यांनी अनुभवातून शिकण्याचं चक्र मांडलं: अनुभव घ्या, थांबून त्याकडे पाहा, त्यातून सूत्र काढा, ते करून बघा. मेरी के. ग्रीअर यांनी त्याच वर्षी स्वतःचं स्वतः टॅरो वाचण्याची सराववही लिहिली. दोघांचं क्षेत्र वेगळं, पण थांबून पाहण्यावरचा भर तोच.

‘डेथ’ म्हणजे मृत्यूचा पत्ता निघाला की अनेकांच्या छातीत धस्स होतं. पण नीट बघा, मागे दोन बुरुजांमध्ये सूर्य आहे. तो उगवतोय की मावळतोय, हे तुम्हीच ठरवायचं.

टॅरोचे पत्ते कलावंतांनाही भारी प्रिय. लेखक इटालो काल्विनोने ते मांडून कथा रचल्या. निकी द सेंट फाल या शिल्पकर्तीने टस्कनीत टॅरोतल्या २२ हुकमांची अख्खी बागच उभारली आणि काम चालू असताना ती त्यातल्या ‘एम्प्रेस’ या हुकमाच्या पुतळ्याच्या पोटात घर करून राहिली!

सुरुवात करायची तर नाण्यांची अठ्ठी काढा. बाकावर बसून एकेक नाणं घडवणारा कारागीर. खाली तारीख टाका आणि लिहा: सध्या माझ्या हातात कोणतं नाणं आहे, आणि ते घडवणं मला कुठे जमत नाहीये?