त्रिनिदादचे झालेले सुभाष गुप्ते

कुवेतला शुक्रवारी सुट्टी असते. त्या दिवशी सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, वाळूच्या मोकळ्या जागेत आपली माणसे क्रिकेट खेळताना दिसतात. त्यांत कोकणातली मुले असतात, केरळची असतात, पाकिस्तानी, बांगलादेशीही असतात. तेंडुलकर आणि गावसकर ही नावे त्यांना तोंडपाठ आहेत. पण सुभाष गुप्ते हे नाव घेतले तर तरुण मंडळी एकमेकांकडे पाहतात. म्हणून आज त्यांच्याविषयी लिहीत आहोत. आपल्या मॉरिशसमध्ये फुटबॉलचे वेड अधिक, हे आम्ही जाणतो. परंतु हा माणूस मुंबईचा मराठी, आणि शेवटी आपल्यासारखाच एका उसाच्या बेटाचा रहिवासी झाला. तेव्हा वाचकांनी थोडा धीर धरावा.

गुप्ते यांचा जन्म ११ डिसेंबर १९२९ रोजी मुंबईत झाला. ते लेगस्पिन टाकत, म्हणजे मनगटाने फिरवलेला संथ चेंडू, जो उजव्या हाताच्या फलंदाजापासून दूर वळतो. गुगली त्याच पद्धतीने टाकलेली दिसते, पण वळते उलट दिशेने. गुप्ते यांच्याकडे गुगलीचेही दोन प्रकार होते, असे त्या काळचे खेळाडू सांगत. चेंडू हवेत उंच टाकून फलंदाजाला पुढे ओढायचे आणि मग फसवायचे, ही त्यांची रीत. मार बसला तरी ते चेंडू उंच टाकायचे सोडत नसत.

१९५२-५३ साली भारताचा संघ प्रथमच वेस्ट इंडिजला गेला. एव्हर्टन वीक्स यांनी त्या मालिकेत ७१६ धावा काढल्या. अशा फलंदाजांसमोर गुप्ते यांनी पाच कसोटींत २७ बळी घेतले. त्यातील ७ तर पोर्ट ऑफ स्पेनच्या पहिल्या कसोटीतील एकाच डावात. त्रिनिदादच्या फर्ग्युसन या लेगस्पिनरवरून त्यांना ‘फर्गी’ हे टोपणनाव पडले. त्याच दौऱ्यात सॅन फर्नांडो गावच्या एका भारतीय वंशाच्या तरुणीशी त्यांची ओळख झाली आणि पुढे लग्न झाले.

त्या काळी भारतात क्रिकेटवर घर चालत नसे. म्हणून आपले खेळाडू उन्हाळ्यात इंग्लंडातील लँकेशायरच्या गिरणीगावांत जात. तिथला प्रत्येक क्लब हंगामासाठी एक पगारी खेळाडू ठेवी. शनिवारी त्याने पन्नास धावा काढल्या किंवा पुष्कळ बळी घेतले, तर प्रेक्षकांत टोपी फिरवून पैसे गोळा होत. विजय हजारे रॉटनस्टॉलला गेले होते, गुप्ते रिश्टनला. कसोटीवीर असला तरी तो तिथे गावचा नोकरच. सामना हरला की बोल त्यालाच लागत.

डिसेंबर १९५८ मध्ये कानपूरला त्यांनी वेस्ट इंडिजचे ९ बळी १०२ धावांत घेतले. दहावाही मिळाला असता, पण यष्टिरक्षक नरेन ताम्हाणे यांच्या हातून लान्स गिब्सचा झेल सुटला. उरलेला बळी पहिलीच कसोटी खेळणाऱ्या वसंत रांजणे यांना मिळाला. भारत ती कसोटी २०३ धावांनी हरला, हे सांगायला नकोसे वाटते, पण सांगितले पाहिजे.

मग १९६१ ची दिल्ली. इंग्लंडविरुद्धच्या कसोटीच्या वेळी संघ इम्पिरियल हॉटेलात उतरला होता. गुप्ते व कृपालसिंग एका खोलीत. कृपालसिंग यांनी हॉटेलच्या स्वागतिकेला फोन करून काम संपल्यावर भेटण्याचे विचारले. तिने तक्रार केली. गुप्ते यांनी फोन केलाच नव्हता. तरीही मंडळाने दोघांनाही उरलेल्या मालिकेतून वगळले. सोबत्याला आवरले का नाही, हा गुप्ते यांचा अपराध! आमच्या मते हा उघड अन्याय होता. कृपालसिंग पुढे १९६४ पर्यंत कसोटी खेळले. गुप्ते मात्र ३६ कसोटी आणि १४९ बळींवर, बत्तिसाव्या वर्षी थांबले. १९६२ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यावरही त्यांना नेले नाही. त्या दौऱ्यात भारत पाचही कसोटी हरला.

मग ते स्वतःच त्या बेटांकडे गेले, कायमचे. १९६३-६४ च्या हंगामात त्रिनिदादकडून खेळले, साखर उद्योगात नोकरी केली, संसार केला. पुढे भारतीय मंडळाने त्यांना सी. के. नायडू पुरस्कार दिला. शेन वॉर्न आल्यावरही गॅरी सोबर्स यांच्या मते लेगस्पिनर गुप्तेच श्रेष्ठ.

३० मे हा त्रिनिदादमध्ये भारतीय आगमन दिन. १८४५ साली पहिले गिरमिटिये जहाज त्या दिवशी तेथे लागले. २००२ साली तो दिवस झाला आणि दुसऱ्याच दिवशी, ३१ मे रोजी, सुभाष गुप्ते यांचे पोर्ट ऑफ स्पेनमध्ये निधन झाले.