डासाच्या अंडपेशीपासून क्लॅथ्रिनच्या जाळीपर्यंत

वाटूर आणि जालना जिल्ह्यातील इतर गावांत टंचाईच्या दिवसांत रांजणांत, पिंपांत भरून ठेवलेल्या पाण्यात वाढणारा एडिस इजिप्ती हा डास डेंग्यूचा वाहक म्हणून सर्वांना ठाऊक आहे. पेशीविज्ञानाच्या इतिहासातही त्याला महत्त्वाचे स्थान आहे. १९६४ मध्ये थॉमस रॉथ आणि कीथ पोर्टर यांनी याच डासाच्या रक्त प्यालेल्या मादीची अंडपेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, तेव्हा तिच्या पटलावर असंख्य खळगे आणि त्या खळग्यांना पेशीच्या आतल्या बाजूने केसाळ अस्तर आढळले. बलकाचे प्रथिन या खळग्यांत गोळा होते आणि खळगा खोल होऊन पटलापासून सुटला, की त्याची पुटिका, म्हणजे मालवाहू सूक्ष्म पिशवी, बनते.

या अस्तरातील मुख्य प्रथिन बार्बरा पिअर्स यांनी डुकराच्या मेंदूतून वेगळे काढले आणि १९७६ मध्ये त्याला क्लॅथ्रिन हे नाव दिले. त्याचे एकक तीन पायांचे असते: सुमारे १६७५ अमिनो आम्लांच्या तीन जड साखळ्या मध्यबिंदूशी जोडलेल्या असतात आणि प्रत्येकीला एक हलकी साखळी चिकटलेली असते. बुरूड टोपली विणताना कामट्या एकमेकींत गुंतवतो, तसे शेजारच्या एककांचे पाय एकमेकांत गुंततात, आणि जाळीची प्रत्येक कड चार वेगवेगळ्या पायांच्या भागांनी मिळून बनते. पायाच्या टोकाशी सात पात्यांच्या भिंगरीच्या आकाराचा भाग असतो. तो आत वळून जोडप्रथिनांना धरतो आणि ही जोडप्रथिने पटलाला व मालाच्या ग्राहीला धरून ठेवतात.

जाळीचे भूमितीय गणित विशेष मनोहर आहे. केवळ षटकोन जोडले तर सपाट जाळी मिळते. ती मिटून बंद व्हायची असेल आणि प्रत्येक शिरोबिंदूशी तीनच कडा मिळणार असतील, तर पंचकोन नेमके १२ लागतात, त्याहून एकही कमी-जास्त चालत नाही. २००४ मध्ये ज्या पिंजऱ्याची रचना अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाने सुमारे ८ अँगस्ट्रॉमपर्यंत उलगडली, त्यात ३६ एकके, १२ पंचकोन आणि ८ षटकोन होते. षटकोनांची संख्या बदलली, की पिंजरा लहान-मोठा होतो.

अंतर्द्रव्य जालिकेतून निघणाऱ्या पुटिकांचे कॉप-२ कवच वेगळ्या घडणीचे असून त्याच्या एका मूळ पिंजऱ्यात २४ कडा असतात आणि प्रत्येक शिरोबिंदूशी चार कडा मिळतात. तरीही भिंगरी आणि तिला जोडलेली नागमोडी दांडी हे घटक दोन्हींत आढळतात, यावरून त्यांचा पूर्वज एकच असावा असे मानले जाते.

क्लॅथ्रिनचे कवच बांधले जाते तितक्याच तत्परतेने ऑक्सिलिन व एचएससी-७० ही प्रथिने ते सोडवतात, कारण त्याशिवाय पुटिकेला लक्ष्यपटलाशी एकजीव होता येत नाही. त्याआधी पुटिकेला मूळ पटलाशी जोडणारी मान कापण्याचे काम डायनॅमिनकडे असते आणि त्यासाठी त्याला जीटीपी हे ऊर्जावाहक रेणू लागतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील के. एस. कृष्णन यांनी फळमाशीच्या चेतापेशींत या क्रियेचा दीर्घकाळ अभ्यास केला. पुण्याच्या आयसरमध्ये थॉमस पुकाडयिल यांच्या गटाने काचेवर चमकत्या मेदाच्या सूक्ष्म नळ्या अंथरून डायनॅमिन त्या कापत असताना प्रत्यक्ष पाहण्याची सोय केली. अशाच नळ्यांवर त्यांनी २०१५ मध्ये हेही दाखवले, की एप्सिन या जोडप्रथिनाने घडवून आणलेली क्लॅथ्रिनची जुळणी कोठे होईल, हे पटलाच्या वक्रतेवर अवलंबून असते.