कपाटातली कादंबरी पुन्हा हाती घ्या

मुलांच्या परीक्षा, घरातले आजारपण, दुकानाचा हंगाम... संसाराची धावपळ वाढली की सगळ्यात आधी सुटते ते वाचन. पण कादंबरीची गरज सर्वाधिक भासते ती याच दिवसांत.

बंगळुरूच्या चिकपेटमध्ये सकाळी शटर्स वर जाऊ लागली की अरुंद गल्ल्यांत पाय ठेवायला जागा उरत नाही. कापडाचे गठ्ठे डोक्यावर घेतलेले हमाल, माणसांतून वाट काढणाऱ्या स्कूटर, साड्यांच्या दुकानांच्या पायरीवरून गिऱ्हाइकांना दिलेल्या हाका... अशा गजबजाटात दुकानांच्या वरच्या मजल्यांवर आजही काही घरे नांदत आहेत. त्यांतल्या मराठी घरांमध्ये डोकावले तर गृहिणीची सकाळ कधीच सुरू झालेली असते. मुलांचे डबे, सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, दुकानातल्या पोरांचा चहा, दुपारी परत दुकानात पाठवायचा डबा.

त्यात हंगाम आला की विचारायलाच नको. कर्नाटकात आषाढात लग्नकार्ये होत नाहीत, म्हणून बाजार जरा थंड असतो. पण श्रावण लागताच वरमहालक्ष्मीच्या व्रताची खरेदी सुरू होते. रेशमी साड्या, चांदीची भांडी, देवीचे चांदीचे मुखवटे यांसाठी गर्दी लोटते. त्यापाठोपाठ गौरी-गणपती, दसरा, दिवाळी आणि मग लग्नसराई. त्याच वर्षी घरात कुणाची दहावी असेल किंवा सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर त्या घरातल्या बाईला स्वतःचा असा दिवस उरतच नाही.

कपाटात मात्र साड्यांच्या घडीखाली एखादी कादंबरी असते. लग्नाआधी गावच्या वाचनालयातून पुस्तके आणून रात्र रात्र जागून वाचणारी हीच मुलगी होती. पुस्तकाच्या मधोमध खूण म्हणून घातलेले बसचे तिकीट अजून तिथेच असते. पुढचे पान उलटायचे राहून गेले, त्याला किती वर्षे झाली हे मात्र आठवत नाही.

पेठेतली मराठी

चिकपेटला मराठी अक्षर नवे नाही. केंपेगौडाने १५३७ च्या सुमारास वसवलेल्या बंगळुरूच्या जुन्या पेठांपैकी ही एक. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने हे शहर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या येथील दरबाराचे वर्णन जयराम पिंड्ये या कवीने 'राधामाधवविलासचंपू' या ग्रंथात केले आहे. त्यानंतरही शिवणकाम, कापड आणि सोन्याचांदीच्या धंद्यांमुळे मराठी माणसे येथे येत राहिली. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव या तालुक्यांतील गलाई व्यावसायिक तर देशभरातल्या सराफ बाजारांत पोहोचले. सोने-चांदी गाळून शुद्ध करणाऱ्या या कारागिरांची कुटुंबे बंगळुरूच्या पेठांतही आहेत.

माहेर सोडून, मुलूखही सोडून आलेल्या या बायकांना दुहेरी बदल सोसावा लागतो. बाजारात कन्नड, मुलांच्या शाळेत इंग्रजी आणि कन्नड. मराठी उरते ती स्वयंपाकघरात आणि गावाकडच्या फोनवर. मराठी वाचनालय कोपऱ्यावर नसते. चिकपेटला लागूनच असलेल्या जुन्या दोड्डपेटेत, म्हणजे आजच्या अव्हेन्यू रोडवर, जुन्या पुस्तकांची दुकाने प्रसिद्ध आहेत. पण तिथली रास मुख्यतः पाठ्यपुस्तकांची, इंग्रजी आणि कन्नड पुस्तकांची. त्यामुळे वेळेची चणचण आणि पुस्तकाची टंचाई, दोन्ही एकदमच येतात. वाचन सुटल्याचे कुणाच्या लक्षातही येत नाही; कधी कधी तिच्या स्वतःच्याही नाही.

अपराधीपणाची टोचणी

वेळ नाही हे कारण खरे असले तरी पुरेसे नाही. दिवसभर दमलेल्या घरातही रात्री अर्धा-पाऊण तास मोबाइलवर निघून जातो. कादंबरीच्या वाट्याला तो येत नाही, याचे एक कारण म्हणजे मनातली टोचणी. टीव्ही पाहताना भाजी निवडता येते, फोन हातात असला तरी 'निरोप बघत होते' असे म्हणता येते. पुस्तक घेऊन बसलेली बाई मात्र उघड उघड रिकामी बसलेली दिसते. घरात माणूस आजारी, मुलगी परीक्षेच्या तोंडावर आणि ही कादंबरी वाचते आहे! हे वाक्य कुणी बोलून दाखवत नसले तरी ते तिला ऐकू येते.

ही टोचणी फार जुनी आहे. रमाबाई रानडे यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) या पुस्तकात, न्यायमूर्ती रानडे त्यांना शिकवत असताना घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा किती विरोध सोसावा लागला, ते लिहून ठेवले आहे. सांगली जिल्ह्यातल्या आष्ट्याला जन्मलेल्या काशीबाई कानिटकर (१८६१-१९४८) यांचे लग्न नवव्या वर्षी झाले. सासरच्या माणसांची नजर चुकवत त्या लिहा-वाचायला शिकल्या आणि पुढे 'रंगराव' ही कादंबरी लिहून मराठीतल्या आद्य स्त्री-कादंबरीकारांत गणल्या गेल्या. त्यांच्याही घरी पाहुणे, सणवार आणि आजारपणे होतीच. 'सगळे उरकल्यावर वाचू' असे त्यांनी ठरवले असते, तर त्यांचे पहिले पानही वाचून झाले नसते.

तुकड्यांनीच वाचायची गोष्ट

कादंबरी म्हणजे सलग तीन-चार तासांची फुरसत, हा समज आपणच करून घेतलेला आहे. प्रत्यक्षात मराठी कादंबरी घराघरांत पोहोचली ती तुकड्यांनी. ह. ना. आपटे यांनी १८९० साली 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी त्यातून क्रमशः प्रसिद्ध झाली. वाचकांना आठवड्याला एक तुकडा मिळायचा, आणि पुढचा अंक येईपर्यंत यमूचे काय होणार याची हुरहुर. त्या हुरहुरीतच वाचनाची अर्धी गोडी होती.

आजच्या गृहिणीलाही हाच मार्ग सोयीचा आहे. दिवसाला दहा पाने वाचली तर तीनशे पानांची कादंबरी महिन्यात संपते, आणि वर्षाकाठी साडेतीन हजारांवर पाने होतात. दहा पानांना साधारण वीस मिनिटे पुरतात. घर जागे होण्यापूर्वीची वीस मिनिटे, दुपारी दुकानातला डबा पाठवल्यानंतरची, शिकवणीच्या दाराशी मुलाची वाट पाहतानाची किंवा रुग्णालयाच्या बाकावर डॉक्टरांची फेरी होईपर्यंतची.

वाट पाहण्याचे हे तुकडे एरवी काळजीत जातात. सासूबाईंच्या तपासणीचा अहवाल हाती येईपर्यंत मन तेच तेच वाईट चित्र रंगवत बसते. कादंबरी अशा वेळी काळजी दूर करत नाही, पण मनाला दुसऱ्या घरात नेऊन बसवते. दुसऱ्या बाईचे दुःख, दुसऱ्या कुटुंबातली भांडणे, दुसऱ्या काळातले पेच जवळून पाहिले की आपल्या घरातल्या गोष्टींकडेही थोडे लांबून पाहता येते. त्या वीस मिनिटांपुरती ती कुणाची सून, आई, शुश्रूषा करणारी किंवा हिशेब ठेवणारी नसते. आजारपण सरते, परीक्षा संपतात, हंगाम ओसरतो. पण मधल्या वर्षांत स्वतःला पूर्ण विसरलेल्या बाईला मोकळा वेळ मिळाल्यावर त्याचे काय करावे हेच सुचत नाही. ती वेळ येऊ नये म्हणून ही वीस मिनिटे.

सुरुवात कशी करावी?

खूप दिवसांनी पुस्तक उघडले की पहिल्या दिवशी निराशा होते. तीच ओळ तीनदा वाचली जाते, नजर पानावर आणि कान कुकरच्या शिट्टीकडे. 'आता आपल्याला वाचताच येत नाही' असे वाटते. हे खरे नसते. सुटलेली सवय परत लागायला आठवडा-दोन आठवडे द्यावे लागतात. त्यासाठी काही साध्या गोष्टी उपयोगी पडतात.

पहिले पुस्तक लहान आणि ओळखीच्या मातीतले निवडावे. आटपाडी-खानापूरकडून आलेल्या घराला व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) म्हणजे माणदेशची भेटच. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (१९३९) आकाराने लहान, पण मनात दीर्घकाळ राहणारी. मिलिंद बोकील यांची 'शाळा' (२००४) वाढत्या वयाच्या मुलांच्या आईने वाचावी. रागावण्याच्या काही वेळा नक्की टळतील. लक्ष अगदीच टिकत नसेल तर 'स्वामी' किंवा 'मृत्युंजय' यांसारखी पूर्वी वाचलेली आवडती कादंबरी पुन्हा काढावी. गोष्ट ठाऊक असल्याने धागा तुटण्याची भीती राहत नाही.

पुस्तक कपाटात न ठेवता डोळ्यांसमोर, उशाशी किंवा पिशवीत ठेवावे. वाचायला बसताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. पात्रे जास्त असतील तर त्यांची नावे आणि नाती एका चिठ्ठीवर लिहून तीच खूण म्हणून वापरावी. पन्नास पाने वाचूनही मन रमले नाही तर पुस्तक खुशाल बाजूला सारावे, ही काही परीक्षा नव्हे. गावाहून येणाऱ्या माणसाला लोणच्या-पापडाबरोबर दोन पुस्तकेही आणायला सांगावीत. बंगळुरूत गांधीनगरला महाराष्ट्र मंडळ आहे. अशा ठिकाणी ओळखी वाढल्या की कुणाच्या घरी मराठी पुस्तके आहेत हेही कळते. पाच घरांनी एकमेकांना पुस्तके दिली तरी वर्षाची बेगमी होते.

मात्र आवडते पुस्तक, आवडते गाणे, आवडती माणसे यांपैकी कशातच आठवडेच्या आठवडे मन लागत नसेल, झोप उडाली असेल, रडू येत असेल, तर तो केवळ थकवा समजू नये. अशा वेळी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

घराने हात द्यावा

वीस मिनिटे लहान वाटतात, पण ती एकटीने मिळवायची म्हटले तर रोज भांडावे लागते. म्हणून ती घराने मिळून ठरवावीत. दुपारी साडेतीन ते चार आईला हाक मारायची नाही, असा नियम मुलेही पाळतात. फक्त तो मोठ्यांनी आधी पाळला पाहिजे. सासूबाई अंथरुणावर असतील तर त्यांना दोन पाने मोठ्याने वाचून दाखवावीत. दुखणाइताचा वेळ जातो आणि 'सून वाचत बसते' ही तक्रार 'पुढे काय झाले ग?' या प्रश्नात बदलते.

नवऱ्याची साथ असेल तर काय होऊ शकते, याचे सुंदर उदाहरण मराठी-कन्नडच्या सीमेवरच सापडते. मूळच्या बेळगावच्या अनुवादिका उमा कुलकर्णी यांना कन्नड समजत असे, पण वाचता येत नसे. त्यांचे पती विरूपाक्ष कुलकर्णी कन्नड पुस्तक वाचून ते टेपवर ध्वनिमुद्रित करून ठेवत आणि ते ऐकून उमाताई मराठीत उतरवत. एस. एल. भैरप्पांच्या 'वंशवृक्ष', 'पर्व' यांसारख्या कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या, आणि 'वंशवृक्ष'च्या अनुवादासाठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. प्रत्येक घरात अनुवाद होणार नाही. पण बायको पोळ्या लाटत असताना नवऱ्याने ओट्याशी स्टूल ओढून चार पाने वाचून दाखवायला काय हरकत आहे?

याच कादंबऱ्यांचा चिकपेटमध्ये आणखी एक उपयोग आहे. भैरप्पा मराठीतून वाचलेल्या बाईला शेजारच्या कन्नड वहिनींशी बोलायला पाण्याच्या वेळेपलीकडचा विषय मिळतो. एकीने मूळ वाचलेले, दुसरीने अनुवाद. गप्पांना मग तोटा कसला?

मुले पाहत असतात

पेठेतल्या मराठी घरांसाठी यात आणखी एक गोष्ट पणाला लागलेली आहे. येथली मुले मराठी बोलतात, पण ती शाळेत शिकत नाहीत. पुष्कळ घरांत मराठी पुस्तक हाती धरणारी आई ही शेवटचीच व्यक्ती असते. तिने पुस्तक मिटले की त्या घरातले मराठी वाचन तिच्याबरोबर मिटते. 'मराठी वाच' असे शंभर वेळा सांगून मूल वाचत नाही. पण रोज साडेतीन वाजता आई कुठल्या गोष्टीत इतकी गुंगते, मध्येच एकटीच का हसते, हे पाहून एखाद्या दिवशी ते जवळ येऊन बसते आणि विचारते, "आई, काय आहे ग त्यात?"

हंगाम दरवर्षी येणार, परीक्षा येणार, आजारपणेही यायची ती येणार. ती सगळी संपण्याची वाट पाहू नका. आज रात्री कपाट उघडून घडीखालची ती कादंबरी बाहेर काढा. बसचे तिकीट जिथे आहे तिथून गोष्ट आठवत नसेल तर पहिल्या पानापासून सुरुवात करा. उद्या सकाळी शटर्स वर जाण्यापूर्वी दहा पाने नक्की वाचून होतील.