केळ्यांच्या जहाजावर विमानं

केळी फ्रीजमध्ये ठेवली की काळी पडतात. आईचा ओरडा खाऊन हे शिकलेले तुमच्यात बरेच असतील! मग महासागर ओलांडून केळी कशी नेतात? हिरवी असतानाच तोडायची आणि जहाजाच्या पोटात तेरा-चौदा अंशांच्या बेताच्या गारव्यात ठेवायची. १९३९ साली जर्मनीत असं एक जहाज बांधलं गेलं, 'हॅनोवर'. वेस्ट इंडीजची केळी घरी आणायची, एवढंच त्याचं काम.

पण त्याच वर्षी दुसरं महायुद्ध पेटलं. मार्च १९४० मध्ये ब्रिटिश आणि कॅनडाच्या युद्धनौकांनी हॅनोवरला वेस्ट इंडीजजवळच गाठलं. जहाज शत्रूला मिळण्यापेक्षा बुडालेलं बरं, म्हणून जर्मन खलाशांनी झडपा उघडून पाणी आत घेतलं, वर आगही लावली. तरी ब्रिटिशांनी ते धुमसतं धूड दोर बांधून जमैकाला ओढत नेलं.

आता या केळीवाल्याचं करायचं काय? आधी नाव बदललं: सिंदबाद! मग 'एम्पायर ऑडॅसिटी'. समुद्रात संशयित जहाजं अडवून त्यांची झडती घ्यायला ते वापरावं, असाही बेत झाला. पण तेवढ्यात वेगळंच संकट उभं राहिलं. जर्मनीची 'कॉन्डोर' नावाची चार इंजिनांची विमानं अटलांटिकवर घिरट्या घालत, मालवाहू जहाजांचा ताफा दिसला की पाणबुड्यांना कळवत आणि संधी मिळाली की स्वतःही बॉम्ब टाकत. किनाऱ्यावरची लढाऊ विमानं इतक्या दूर पोचत नव्हती.

मग विमानतळच ताफ्याबरोबर पाठवला तर? इंग्लंडमधल्या ब्लाइथ बंदरात कारागिरांनी जहाजाचा वरचा पसारा कापून टाकला आणि त्यावर सपाट धावपट्टी बसवली. लांबी सुमारे १४० मीटर, म्हणजे मुंबई लोकलचे जेमतेम सात डबे! जून १९४१ मध्ये जहाज नौदलात दाखल झालं आणि लवकरच नाव उरलं नुसतं 'ऑडॅसिटी', म्हणजे धिटाई. नाव शोभलंच म्हणायचं.

सात डब्यांत विमान थांबतं कसं? जहाज वाऱ्याला तोंड करून धावतं. पतंग चढवताना आपण वाऱ्याच्या दिशेला तोंड करून पळतो ना, तसंच. समोरच्या वाऱ्यामुळे विमानाला डेकच्या मानाने कमी वेगात उतरता येतं. विमानाच्या शेपटीखाली एक आकडा असतो. धावपट्टीवर आडव्या ताणलेल्या पोलादी तारेत तो अडकला की हिसका बसून विमान जागीच थांबतं. तार हुकली तर? तो विचार वैमानिकाने न केलेलाच बरा.

मोठ्या विमानवाहू जहाजांच्या पोटात विमानं ठेवायला दालन असतं. इथे तेही नव्हतं. 'मार्टलेट' जातीची अर्धा डझन विमानं उघड्यावर, खाऱ्या पाण्याचे फवारे झेलत उभी. मेकॅनिक रात्री काळोखात, झाकलेल्या टॉर्चच्या उजेडात त्यांचे नटबोल्ट आवळत. हातातला पाना निसटला की गेलाच समुद्रात! मला विचाराल तर खरे शूर हेच.

डिसेंबर १९४१ मध्ये जिब्राल्टरहून ३२ व्यापारी जहाजांचा ताफा निघाला. मार्टलेटनी कॉन्डोर पिटाळली, पाणबुड्या हुडकल्या. ताफ्यातली फक्त २ जहाजं बुडाली. पण २१ डिसेंबरच्या रात्री एका पाणबुडीच्या टॉर्पेडोंनी ऑडॅसिटीलाच गाठलं. त्या जहाजाची नौदलातली कारकीर्द अवघी सहा महिन्यांची. कल्पना मात्र टिकली. पुढे अमेरिकेने अशी छोटी विमानवाहू जहाजं शंभराहून जास्त बनवली.

त्या रात्री गार पाण्यातून वाचलेल्यांत एरिक ब्राऊन नावाचा तरुण वैमानिक होता. कॉन्डोरवर अगदी समोरून चाल करून जाणारा! पुढे त्याने जहाजांवर एकूण २,४०७ वेळा विमान उतरवलं आणि जागतिक विक्रम केला. त्यातल्या सुरुवातीच्या काही खेपा या केळ्यांच्या जहाजावरच्या.