विश्लेषण : मंगळवासी मेले, पुढे काय? ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ सास्तूरच्या नजरेतून

परग्रहावरून आलेल्या शत्रूच्या कथा नेहमी महानगरांवर कोसळतात आणि शत्रू मेला की संपतात. बीबीसीच्या २०१९ मधील तीन भागांच्या मालिकेने त्यानंतरची वर्षे दाखवायचे धाडस केले. त्याच भागावर प्रेक्षक सर्वाधिक वैतागले. मराठवाड्यात भूकंप पाहिलेल्या सास्तूरसारख्या गावाचा अनुभव शेजारी ठेवला, तर मालिकेचे बळ आणि तिचा कच्चेपणा दोन्ही वेगळे दिसू लागतात.

नेमकी कोणती मालिका?

या नावाचा घोळ आधी सोडवायला हवा. ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ ही एच. जी. वेल्स यांची कादंबरी. ती १८९७ मध्ये ‘पिअर्सन्स मॅगझिन’मध्ये क्रमशः आणि १८९८ मध्ये पुस्तकरूपाने आली. १९५३ च्या चित्रपटाने तिला कॅलिफोर्नियात नेले. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या २००५ च्या चित्रपटात टॉम क्रूझ न्यू जर्सीतून पळताना दिसतो. २०१९ मध्ये तर एकाच नावाच्या दोन मालिका आल्या. त्यांतील एक आजच्या काळातील युरोपात घडते आणि तिचे पुढे अनेक भाग निघाले. येथे चर्चा आहे ती दुसरीची. पटकथा पीटर हार्नेस यांची, दिग्दर्शन क्रेग व्हिव्हेरोस यांचे. कथा विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लंडमध्ये, म्हणजे वेल्स यांच्याच मातीत घडते. नोव्हेंबर-डिसेंबर २०१९ मध्ये तीन रविवारी ती दाखवली गेली आणि संपली. अशा मोजक्या भागांत पूर्ण होणाऱ्या कथेला ‘मिनिसीरिज’ म्हणतात.

जॉर्ज (रेफ स्पॉल) हा पत्रकार आणि अ‍ॅमी (एलेनॉर टॉमलिन्सन) लग्न न करता एकत्र राहतात, त्यामुळे गावाने त्यांना वाळीत टाकल्यासारखे केले आहे. त्यांचा एकच जवळचा मित्र, खगोल अभ्यासक ऑगिल्व्ही (रॉबर्ट कार्लाइल). वोकिंगजवळच्या माळरानावर आकाशातून काहीतरी पडते. लोक गंमत पाहायला जमतात. मग त्या गर्दीचीच राख होते.

गर्दी जमते, हे पटते का?

पटते, आणि महाराष्ट्रातील वाचकाला जरा जास्तच. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी, गुढीपाडव्याच्या दिवशी, विदर्भापासून राज्याच्या अनेक भागांत आकाशातून जळत जाणाऱ्या रेषा दिसल्या. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडलेले सापडले. आसपास एक गोळाही मिळाला. तो चिनी अग्निबाणाचा अवशेष असल्याचा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. पण तो निघेपर्यंत उल्का, विमान, परग्रहवासी असे सगळे तर्क मोबाइलवर फिरून झाले होते, आणि कड्याभोवती माणसे उभी राहून फोटो काढत होती. मालिकेच्या पहिल्या भागातील माळरान याच कुतूहलाने भरलेले आहे. धोका समजण्याआधीची ती मजेची दहा-पंधरा मिनिटे दिग्दर्शकाने घाई न करता दाखवली आहेत. पहिला भाग तिन्हींत सर्वांत चांगला ठरतो तो यामुळे.

सास्तूरचा संदर्भ कशासाठी?

धाराशिव जिल्ह्यातील, आताच्या लोहारा तालुक्यातील सास्तूर हे ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात उद्ध्वस्त झालेल्या गावांपैकी एक. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून दमलेले लोक झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. तीव्रता ६.२ च्या आसपास, म्हणजे जगाच्या हिशेबात मध्यम. पण केंद्र उथळ होते, आणि घरे दगड-मातीच्या जाड भिंतींची, वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच घर अंगावर आले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील मृतांचा आकडा वेगवेगळ्या नोंदींत ८ ते १० हजारांदरम्यान सापडतो.

हा प्रदेश तेव्हाच्या भूकंप नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. १९९२ च्या पावसाळ्यापासून दिवाळीच्या सुमारापर्यंत किल्लारी परिसरात धक्के बसले होते, लोक घाबरलेही होते. नंतर सारे शांत झाले आणि ती शांतता खरी मानली गेली. मालिकेतही ऑगिल्व्हीला दुर्बिणीतून मंगळावर काहीतरी घडताना दिसते आणि त्याचे म्हणणे कुणी मनावर घेत नाही. इशारा होता, पण त्याचा अर्थ लावणारी यंत्रणा नव्हती. आपत्तीच्या कथेत ही बाजू बहुतेक वेळा खलनायक अधिकारी दाखवून उरकली जाते. इथे दुर्लक्ष करणारी माणसे साधी आणि आपापल्या कामात गुंतलेली आहेत.

वेल्स यांना त्यांच्या काळात हेच सुचवायचे होते. जगावर राज्य करणाऱ्या ब्रिटिशांना वाटत होते की आपल्यावर कुणी येणार नाही. टास्मानियातील मूळ रहिवाशांचे ब्रिटिशांनी काय केले, याची आठवण कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात आहे. मालिकेने हा साम्राज्याचा धागा उचलला आहे, मात्र पात्रांच्या तोंडी भाषणे घालून. ज्या गोष्टी माळरानावरची राख न बोलता सांगते, त्या पुन्हा संवादातून सांगायची गरज नव्हती.

बळ कुठे आहे?

सर्वांत मोठे बळ अ‍ॅमीमध्ये. कादंबरीत निवेदकाची पत्नी जवळजवळ अनुपस्थित असते. तिला नावही नाही. मालिकेने कथेचा निम्मा भार एका गर्भवती बाईच्या खांद्यावर दिला आणि टॉमलिन्सनने तो पेलला. संकटात पळणाऱ्या बाईपेक्षा संकटानंतर मूल वाढवणारी बाई दाखवणे अवघड असते.

दुसरे बळ म्हणजे काळाची दुहेरी मांडणी. आक्रमणाच्या कथेमध्येच तांबड्या, धुरकट, ओसाड भूमीची दृश्ये येत राहतात. आधी तो मंगळच वाटतो. मग कळते, ही काही वर्षांनंतरची पृथ्वी आहे. मंगळवासी मेले आहेत, पण त्यांनी आणलेल्या लाल तणाने जमीन गिळली आहे. पीक नाही, खायला पुरेसे नाही, आणि अ‍ॅमी लहान मुलाला घेऊन तिथे जगते आहे.

अनेकांना हा भाग रटाळ वाटला. लढाई पाहायला बसलेल्याला वाटणारच. शिवाय त्यात एक खरा दोष आहे. अ‍ॅमी वाचणार हे आधीच कळल्याने आक्रमणाच्या प्रसंगांतला तिच्याबद्दलचा ताण नाहीसा होतो. पण आपत्तीचे खरे वजन पहिल्या रात्रीत नसते, हे या मालिकेइतके कमी विज्ञानकथांनी ओळखले आहे.

मग कमतरता कोणती?

मालिका उद्ध्वस्त जग दाखवते, उभारणी दाखवत नाही. तिच्या मते सावरणे म्हणजे एका शास्त्रज्ञाला एक उपाय सापडणे. प्रत्यक्षात काय होते, ते सास्तूर परिसरात दिसले. दोन्ही जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी हलवायचे ठरले. जागतिक बँकेच्या कर्जावर मोठा पुनर्वसन कार्यक्रम आखला गेला. मग प्रश्न सुरू झाले. नवे गाव कुणाच्या जमिनीवर? कुणाला किती मोठे घर? भावाचे घर शेजारी येणार की तीन गल्ल्या सोडून? जुन्या गावात वाडे एकमेकांना चिकटलेले, गल्ल्या बोळकांडीच्या होत्या. नव्या वसाहती आखीव, रुंद रस्त्यांच्या आणि पसरलेल्या झाल्या. भूकंपासाठी ते शहाणपणाचेच. पण शेत लांब गेले, भावकी विखुरली, आणि ओट्यावर बसल्या बसल्या समोरच्या घरात हाक मारायची सोय राहिली नाही. पुनर्वसनावर झालेल्या अभ्यासांत ही तक्रार पुन्हा पुन्हा येते.

यातले काहीही लाल तणाच्या त्या पृथ्वीवर नाही. तिथे रेशन कोण वाटते, मृतांची यादी कोण करते, जमिनीचा उतारा कुणाच्या नावावर राहिला, यांचा पत्ता नाही. मालिकेला अजून एक भाग मिळाला असता तर, असे वाटते. पण तिसऱ्या भागाचा बराचसा वेळ बंद घरात अडकलेल्या चार-पाच माणसांवर गेला आहे, तेव्हा दोष केवळ वेळेचा नाही. मंगळवासी आणि त्यांची तीन पायांची यंत्रेही पहिल्या भागानंतर फारशी दिसत नाहीत. खर्चाचे कारण असू शकते. पण भीती कमी होते, हे खरे.

शेवट शास्त्रीयदृष्ट्या टिकतो का?

(ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांनी हा परिच्छेद वगळावा.) वेल्स यांच्या कादंबरीत माणसांची तोफखाने हरतात आणि जंतू जिंकतात. मंगळवासीयांना पृथ्वीवरील सूक्ष्मजीवांशी लढायची सवय नसते. रोग जंतूंमुळे होतात, ही तेव्हा नवी समज होती. प्लेगचा जंतू १८९४ मध्येच सापडला होता. ‘पिअर्सन्स’मध्ये ही कथा छापली जात होती, त्याच १८९७ च्या महिन्यांत पुणे प्लेगने आणि प्लेग बंदोबस्ताच्या नावाखाली होणाऱ्या घरझडत्यांनी हैराण होते. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर हल्ला केला. मुंबईत हाफकिन यांनी त्याच वर्षी जानेवारीत प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली होती. लंडनच्या वाचकाला जंतू तारणहार वाटत असताना पुण्याच्या वाचकाला तो घरात शिरलेला काळ होता.

मालिकेने मोघम जंतूंऐवजी टायफॉइड निवडला. आजारी जॉर्जच्या शरीरातून तो मंगळवासीयापर्यंत पोहोचतो. भावनेच्या दृष्टीने हे प्रभावी आहे, कारण मृत्यूला एक चेहरा मिळतो. विज्ञानाच्या दृष्टीने निवड चुकली. टायफॉइडचा जंतू जवळजवळ केवळ माणसालाच धरतो. गाय, कुत्रा, कोंबडी यांनाही जो सहसा आजारी पाडत नाही, तो दुसऱ्या ग्रहावरच्या, पूर्णपणे वेगळ्या घडणीच्या जीवाला कसा मारणार? जमिनीतला, कुजवणारा एखादा साधा जीवाणू अधिक पटला असता.

आपल्याकडे असे काही का नाही?

अगदीच नाही असे नाही. १९८९ मध्ये दूरदर्शनवर ‘इंद्रधनुष’ ही आनंद महेंद्रू यांची हिंदी मालिका आली. मुले, संगणक, परग्रहवासी आणि काळातला प्रवास असा मसाला. गिरीश कर्नाड, लहानगी उर्मिला मातोंडकर आणि तितकाच लहान करण जोहर त्यात होते. मराठीत जयंत नारळीकरांची ‘प्रेषित’ ही परग्रहवासीयावरची कादंबरी आहे आणि ती तीन-चार भागांत सहज मावेल. दाखवण्याजोगी भूमीही आहे. २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातील हासोरीत जमिनीतून गूढ आवाज येऊ लागले तेव्हा लोक रात्री घराबाहेर थांबले, कारण १९९३ आठवत होते. उथळ, लहान हालचालींतून असे आवाज येऊ शकतात, हे तज्ज्ञ सांगतात. आधी आवाज, मग अफवा, मग अंगणात काढलेली रात्र. पहिल्या भागाचा आराखडा इथे तयार आहे.

मालिका पाहायची तर?

तिन्ही भाग मिळून सुमारे तीन तास. मोबाइलवर पाहताना पडद्याचा उजेड वाढवावा लागेल, कारण लाल भूमीची दृश्ये मुद्दाम काळोखी ठेवली आहेत आणि उन्हात काहीच दिसत नाही. वेळ कमी असेल तर पहिला भाग पूर्ण पाहावा, दुसऱ्यातील पळापळ सोडून दिली तरी चालेल, आणि तिसऱ्यात बंद घराचे प्रसंग लांबले तरी अ‍ॅमी आणि तिच्या मुलाची दृश्ये पुढे सरकवू नयेत.