ज्युलिएटचा सज्जा नवा, ओढ जुनी

व्हेरोनातल्या व्हिया कापेल्लो या रस्त्यावरचं ‘ज्युलिएटचं घर’ मध्ययुगीन आहे. ज्याखाली फोटोंसाठी झुंबड उडते तो दगडी सज्जा मात्र विसाव्या शतकातला. १९३६ साली हॉलिवूडचा ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ आला आणि पुढच्या काही वर्षांतच शहराच्या संग्रहालयांचे संचालक अंतोनियो आवेना यांनी जुने कोरीव दगड जुळवून तो भिंतीला बसवला. शेक्सपिअरची ज्युलिएट तर खिडकीतच येते. गोष्टीचं गावही उसनंच. मासुच्चो सालेर्नितानोच्या १४७६ साली छापलेल्या कथेत असेच प्रेमी सिएनात भेटतात. त्यांना व्हेरोनात आणलं ते नंतरच्या लुइजी दा पोर्तो या लेखकाने.

मग ही पर्यटकांची निव्वळ फसवणूक नाही का? हा आक्षेप निम्माच पटतो, कारण सज्जा नव्हता तेव्हाही लोक येतच होते. ज्युलिएटची म्हणून दाखवली जाणारी रिकामी दगडी शवपेटी १८१६ मध्ये कवी बायरनने पाहिली आणि तिचे चार तुकडे लेकीसाठी आणि भाच्यांसाठी नेले. (एवढा मोठा कवी, पण मोह आवरला नाही!) मागणी आधीचीच होती, आवेनांनी तिला हक्काची जागा करून दिली. अंगणातला ज्युलिएटचा ब्राँझचा पुतळा नेरेओ कोस्तांतिनी यांचा. त्याच्या उजव्या स्तनाला हात लावला की प्रेमात यश येतं, या समजुतीने तो इतका झिजला, की २०१४ मध्ये मूळ पुतळा आत हलवून बाहेर प्रतिकृती ठेवावी लागली. हात लावणाऱ्यांनी तिलाही सोडलेलं नाही.