जीएलएला वीज लागत नाही

‘कमांड अँड कॉन्कर : जनरल्स’ हा कॉम्प्युटरवरचा युद्धखेळ फेब्रुवारी २००३मध्ये आला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्याचा वाढीव भाग ‘झिरो अवर’. डहाणू-तलासरीत हा खेळ दुकानातून विकत घेतलेला माणूस मला तरी भेटलेला नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कुणीतरी आणलेली सीडी, तिच्यावर मार्करने खरडलेलं नाव आणि सायबर कॅफेत लॅनने जोडलेले चार-सहा कॉम्प्युटर, एवढ्यावर त्याचं इथं बस्तान बसलं. तलासरीहून कॉलेजला येणारी पोरं परतीची जीप सोडून थांबायची. नियम आधीच ठरायचे : पहिली दहा मिनिटं रश (अचानक हल्ला) मारायचा नाही आणि सुपरवेपन बंद.

खेळात बाजू तीन : यूएसए, चायना आणि दहशतवाद्यांची जीएलए. पहिल्या दोघांना तळ उभारायचा तर वीजकेंद्रं बांधावी लागतात. वीज कमी पडली की रडार मिटतं, यूएसएची पेट्रियट आणि चायनाची गॅटलिंग तोफ समोर शत्रू असूनही नुसत्या उभ्या राहतात. जीएलएला मात्र वीज लागतच नाही. तिचं सैन्य एका बोगद्यात शिरतं आणि नकाशाच्या दुसऱ्या टोकाला बाहेर पडतं. तिच्या कामगारांच्या पायात बूटसुद्धा नसतात, ते वेगळे पैसे मोजून घ्यावे लागतात. डहाणूच्या औष्णिक केंद्राची ५०० मेगावॉट वीज मुंबईच्या उपनगरांकडे जात होती आणि तिच्या तारांखालच्या पाड्यांत भारनियमन चालू होतं, तेव्हाच्या या गोष्टी. म्हणून इकडची पोरं जीएलएच घ्यायची, असं लिहायचा मोह होतो. प्रत्यक्षात भांडणं व्हायची चायनावरून. ओव्हरलॉर्ड रणगाडा सगळ्यांनाच हवा असायचा. (खुद्द चीनमध्ये या खेळावर बंदी होती.)

‘जनरल्स’च्या दुसऱ्या भागाची वाट फार पाहावी लागली. मधल्या काळात खेळाची मालक असलेल्या ईए कंपनीनं सगळ्या ‘कमांड अँड कॉन्कर’ मालिकेचे हाल केले. जिनं १९९५मध्ये मालिका सुरू केली ती वेस्टवूड २००३मध्येच बंद झाली होती. २०१०च्या चौथ्या ‘टायबेरियन’ भागातून तर तळ बांधणंच काढून टाकलं, म्हणजे ज्यासाठी लोक हा खेळ खेळत तेच. त्यामुळे डिसेंबर २०११मध्ये ‘जनरल्स २’ची घोषणा झाली, तेव्हा जुन्या खेळाडूंना हायसं वाटलं. ‘बॅटलफिल्ड’चं फ्रॉस्टबाइट इंजिन, साल २०१३, आणि जीएलए परत! यूट्यूबवर अडकत अडकत दिसणारा त्याचा ट्रेलर आम्ही पुन्हापुन्हा पाहिला.

ऑगस्ट २०१२मध्ये कंपनीनं पवित्रा बदलला. नावातलं ‘जनरल्स २’ गेलं. खेळ फुकट, पण इंटरनेटवरच, हवं ते आत पैसे देऊन घ्या, आणि एकट्यानं खेळायची मोहीम सुरुवातीला नाहीच. ओरड झाल्यावर मोहीम नंतर देऊ म्हणाले. माझ्या लेखी डहाणू-तलासरीपुरता हा खेळ त्याच दिवशी रद्द झाला. लॅनला इंटरनेट लागत नव्हतं, एकदा सीडी आली की काम झालं. इथं इंटरनेटची लाइन पावसात आठ-आठ दिवस बंद पडायची. अशा ठिकाणी सतत नेट मागणारा फुकटचा खेळ हा विकतच्या खेळापेक्षा महागच.

एप्रिल २०१३मध्ये मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत आली, खेळ मात्र आला नाही. २९ ऑक्टोबर २०१३ला ईएनं तो रद्द केला आणि तो बनवणारा व्हिक्टरी गेम्स हा स्टुडिओही बंद केला. चाचणी आवृत्ती खेळलेल्यांना हवा होता तो खेळ आपण बनवतच नव्हतो, हे कंपनीनं स्वतःच कबूल केलं. चाचणीत लोकांनी खर्च केलेले पैसेही परत दिले. एवढा सरळपणा या धंद्यात क्वचितच दिसतो. पण वर्षभरापूर्वीच्या ओरडीतून हेच कळत होतं, तेव्हा ऐकलं असतं तर?

पुढे २०१४मध्ये खेळाडूंना इंटरनेटवर जोडणारी गेमस्पाय ही सेवा बंद झाली आणि जुन्या ‘जनरल्स’चा इंटरनेटवरचा अधिकृत आधारही गेला. चाहत्यांनी स्वतःचे सर्व्हर उभे केले. ईएनं २०१८मध्ये मोबाइलवरचा ‘रायव्हल्स’ काढला, त्याबद्दल न बोललेलंच बरं. २०२०मध्ये मालिकेतल्या पहिल्या खेळांची नवी आवृत्ती आली, ती चांगली होती, पण तिच्यात ‘जनरल्स’ नव्हता. कॅफे मिटले, पोरं मोबाइलवर पब्जीकडे वळली. ‘झिरो अवर’ मात्र पेनड्राइव्हमधून फिरत राहिला.

फेब्रुवारी २०२५मध्ये कंपनीनं ‘जनरल्स’ आणि ‘झिरो अवर’चा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला केला. पूर्वी कॅफेत भर डावात ‘मिसमॅच’ची पाटी येऊन खेळ तुटायचा आणि कॅफेवाला तासाचे पैसे तरीही घ्यायचा. तसले दोष आता जगभरातले हौशी प्रोग्रॅमर स्वतःच हुडकून दुरुस्त करताहेत. ‘जनरल्स २’चा कोड त्यात नाही.